लाल ठिपक्याचा कप

"पुन्हा माझ्या कपांत तुझा कप!" सासूबाई कडाडल्या आणि लाल ठिपक्याचा तो कप त्यांनी चक्क सांडशीनं उचलून बाजूला ठेवला... सांडशीनं! सुनेनं मुकाट्यानं तो वेगळा घासला. सासरे साथीत गेले, तेव्हापासून नेलपॉलिशचा तो ठिपका तिच्या कपावर होता, ताटावर होता, अन् खरं सांगायचं तर तिच्या नशिबावरच होता. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुणारी बाई! आजार घरात तिच्याशिवाय कोण आणणार? तिला साधी शिंकही आली नव्हती, पण ती म्हणे तिनं लपवली असणार!

"आमच्या कारखान्याकडून घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासणार आहेत," नवरा चहा पिता पिता म्हणाला. "अँटीबॉडीची तपासणी. आजार अंगावरून गेला असेल तर रक्तात कळतं."

"होऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष!" सासूबाई म्हणाल्या.

"मी नाही देणार रक्त," सून पुटपुटली. "सुईची भीती वाटते मला."

"इस्पितळात काम करतेस अन् सुईची भीती? कर नाही त्याला डर कशाला ग?"

नवरा नुसता तिच्याकडे बघत राहिला... आणि त्या नजरेतला संशय तिला स्पष्ट दिसला. अहो, तुम्हीसुद्धा?

कसं सांगणार होती ती? सासरे तापानं फणफणले त्याच्या आधीची ती सकाळ... ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, करपल्याचा वास आला म्हणून धावत आत आली, तर भांड्यात दूध जळून कोळसा झालेलं आणि शेगडीशेजारी सासूबाई निवांत मटार सोलत बसलेल्या! त्यांना वासच येत नव्हता. खोकणाऱ्या मैत्रिणीला भेटायला, सगळे नको नको म्हणत असताना, त्याच गेल्या होत्या. वास जाणं हे त्याच आजाराचं लक्षण, हा उलगडा तिला पुढं झाला तेव्हा सासरे उरले नव्हते. नवऱ्याचा घास आपणच घेतला, हे कळलं तर ही बाई जगेल का? त्यापेक्षा बोलणी मीच खाईन, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

रक्त घेणारा आला तेव्हा ती शेवटचं धडपडली. "आईंचं राहू दे, त्यांना चक्कर येते."

"माझं आधी घ्या! आणि हिचं माझ्यासमोर!" म्हणत सासूबाईंनी स्वतःच्या हातानं सुनेची बाही वर सारली.

दोन दिवसांनी रक्त घेणाऱ्याचा फोन आला. नवऱ्यानं आवाज मोठा केला.

"तुमच्या आणि वहिनींच्या रक्तात काही सापडलं नाही. आजींना मात्र आजार होऊन गेलेला दिसतोय."

नवऱ्यानं फोन ठेवला.

"म्हणजे... मी?" सासूबाईंचा आवाज चिरकला.

"नाही हो आई!" सून पुढं धावली. "कुणाकडून कुणाला झालं, ते नाही कळत यातून. बाबांची सेवा करताना लागण झाली असेल तुम्हाला!"

पण सासूबाई शेगडीकडे बघत होत्या.

"त्या दिवशी दूध करपलं... मी शेजारीच होते. वास नाही आला मला. तू म्हणालीस, मीच गॅस बारीक करायला विसरले."

"मीच विसरले होते, आई..."

"खोटं नको बोलूस! दूध मी ठेवलं होतं!" त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. "तुला ठाऊक होतं... आणि तू माझ्या शिव्या खात राहिलीस?"

"तुम्ही खचला असता हो..."

नवऱ्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. सासूबाई भिंतीचा आधार घेत उठल्या, ओट्यावरचा लाल ठिपक्याचा कप त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. सुनेचा अर्धा चहा त्यात तसाच होता.

"आई, उष्टा आहे तो! गारही झालाय..."

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि रडत रडत तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.