दहा मीटरवरची थाळी

चिनूला आठवा महिना लागला होता आणि तिला एकच कला येत होती. समोरच्यानं डोळे मिटून उघडले, की तीही मिटून उघडायची. सावकाश, अगदी मन लावून. आपणहून मात्र कधी नाही. आजीनं शिकवलेली ही मिचमिच श्रद्धानं सकाळी निघताना लेकीकडून तीनदा करून घेतली, दारातून चौथ्यांदा, आणि तळेगावहून आंबीची वाट धरली.

काम नेहमीचंच होतं. इंद्रायणीचं पाणी सहा ठिकाणी तपासायचं, दगडांखालच्या अळ्या मोजायच्या, नदी कुठं जिवंत आहे आणि कुठं मेली आहे ते लिहायचं. पाच ठिकाणं झाली होती. पाचही मेलेली. सहावं होतं बाळंतिणीचा डोह. तोही मेलेला निघाला, तर होऊ घातलेल्या वसाहतीच्या सांडपाण्याचा पाइप तिथंच सोडायचा असं ठरलं होतं. अहवाल आजच संध्याकाळी सहाच्या आत जायला हवा होता.

होडी अंबाजी आबांची. सत्तरी उलटलेली, पण वल्हं मारताना धाप नाही.

“बाई, ह्या ताटात जेवायचं हाय, का नदीला ओवाळायचं?”

श्रद्धा हसली. ताटाएवढी गोल थाळी. तिचे चार कप्पे, दोन काळे, दोन पांढरे. दोरीनं पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की किती खोल गेली ते लिहायचं. वरच्या पाचही ठिकाणी ती हातभर खाली जाताच गडप झाली होती.

तिच्या मोबाइलवरचा चिनूचा फोटो आबांनी डोळे बारीक करून पाहिला. “लेक व्हय? डोहाला दावली?”

“कशाला, आबा?”

“आमच्यातली समदी पोरं दावल्याली हायती. सवा म्हैना झाला का बाळंतीण काठाला बसती, लेकराचं त्वांड पाण्याकडं करती. मागायचं काय न्हाई. निस्तं दावायचं.”

“आणि नाही दाखवलं तर?”

“तर डोह यील व्हय तुमच्या घरी? शिकल्याली मानसं लय इचारत्यात.”

वळणापाशी जलपर्णी संपली. नदीवरून वाहत आलेला पांढरा फेस डोहाच्या तोंडाशी थांबला होता, कुणी आडवा हात धरल्यासारखा. नाकात बसलेला वास गेला. वारा अंगाला लागत होता, पण पाण्यावर एक सुरकुती नव्हती. श्रद्धानं ऑक्सिजन मोजायचा मीटर बुडवला. वरच्या ठिकाणी ऑक्सिजन दोन होता. इथं आठ. तिनं मीटर पुसून पुन्हा बुडवला. आठ.

काठाजवळचा एक दगड उलटला, तर खाली नितळ पाण्याशिवाय न जगणाऱ्या अळ्या. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. पुस्तकाबाहेर, या नदीत, तिनं त्या कधीच पाहिल्या नव्हत्या.

मग डोहाच्या मधोमध, होडीच्या सावलीत, तिनं थाळी सोडली.

एक मीटर. दोन. दिसत होती. पाच. आठ. दोरीच्या लाल खुणा बोटांखालून एकेक सरकत गेल्या आणि दहाव्या खुणेला दोरी संपली. थाळी अजून दिसतच होती.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ती लहान झालेली नाही.

पहिल्या मीटरला जेवढी होती, तेवढीच. कप्पे तेवढे दिसत नव्हते. मधे काळं, भोवती पांढरं.

तिनं दोरी ओढायला घेतली. हातावर हात. थाळी वर आली, ओली, गारठलेली, आणि तिच्या मांडीवर टेकली.

खालचं गोल तिथंच होतं.

दहा मीटरवर ताटाएवढं दिसायचं तर ते खरं केवढं असेल, हा हिशेब तिनं मनात सुरू केला आणि अर्ध्यात सोडून दिला. भीती वाटायला हवी होती. वाटलं एवढंच, की आवाज करू नये. चिनू झोपली असताना खोलीत पाऊल टाकतो तसं.

गोल सावकाश मिटलं.

उघडलं.

आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

“आबा, काय आहे ते?”

“आमी कवा इचारलं न्हाई,” ते हळूच म्हणाले. “ते बी आमाला इचारत न्हाई.”

तिनं फोटो काढला.

तिनं पाठवलेला कच्चा तक्ता पाहून पाच वाजता घरी तिच्या वरिष्ठांचा, दिगंबर सरांचा फोन आला. “श्रद्धा, पाच ठिकाणी हातभर आणि इथं दहा मीटर? इंद्रायणीत? मीटर बिघडला असणार. वरच्या ठिकाणाचे आकडे इथं धर आणि पाठवून दे.”

“सर, मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“फोटो आहे?”

होता. त्यात होडीची कड होती आणि गढूळ, तपकिरी पाणी.

श्रद्धानं आकडे बदलले. अळ्यांची ओळ खोडली. डोह मेला.

“अगं, टबातलं पाणी निवतंय!” सासूबाईंनी हाक मारली. पाठवायचं तसंच ठेवून ती उठली.

चिनू टबात बसून पाण्यावर थापट्या मारत होती. टब वीतभर खोल. श्रद्धानं तांब्या भरायला घेतला आणि हात तसाच राहिला.

तळाशी, चिनूच्या पावलांपलीकडे, ताटाएवढं गोल होतं. मधे काळं, भोवती पांढरं.

श्रद्धा झटकन खाली वाकली. चिनूला उचललं, टॉवेलात गुंडाळलं, कडेवर घेऊन लॅपटॉपशी गेली. एका हातानं एकेक आकडा परत भरला. ऑक्सिजन आठ. थाळी दहा मीटरवर दिसते, दोरी संपली. अळ्या. शेवटी लिहिलं, डोह जिवंत आहे, आणि पाठवलं.

मग ती न्हाणीत परत आली. टबात साबणाचं गढूळ पाणी होतं. तळ दिसत नव्हता. तिनं श्वास सोडला.

चिनू कडेवरून टबाकडे झुकली. पाण्यात टक लावून बघत राहिली.

आणि मग तिनं, सावकाश, अगदी मन लावून, दोन्ही डोळे मिटले आणि उघडले.