खाराचा तराफा

खाराची पिंपे कॅनडाच्या हद्दीपलीकडे पोचवायची, एवढ्यासाठी झेडॉक थ्रॉलने १८०८ च्या ऑक्टोबरात शॅम्प्लेन सरोवरात तराफा लोटला. उन्हाळाभर त्याने आणि त्याच्या बायकोने, केझियाने, जंगल तोडून ओंडके जाळले होते आणि राखेचे पाणी कढईत आटवून साबणाला, काचेला लागणारा खार काढला होता. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टच्या त्या डोंगराळ मुलखात रोख पैसा यायचा तो या एकाच मालाचा, आणि गिऱ्हाईक म्हणजे उत्तरेला मॉन्ट्रियलचे व्यापारी. पण इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांशी लढता लढता अमेरिकेची जहाजे धरत होते, म्हणून सरकारने परदेशांशी सगळाच व्यापार बंद केला होता. त्यात मक्याला अवेळी हिम लागले. घरातले मीठसुद्धा सरत आले होते.

झेडॉकचा धाकटा भाऊ असाहेल याच घरात वाढलेला. केझिया लग्न होऊन आली तेव्हा तो तिच्या कमरेएवढा होता. सरहद्दीवर पहारा बसला तसा तो शिपाई म्हणून भरती झाला. निघताना जेवणाच्या टेबलावरच दोघा भावांचे वाजले.

"दादा, हा कायदा काही इंग्रजांनी नाही केलाय. आपण निवडून दिलेल्या माणसांनी केलाय."

"तू दिलंस निवडून, मी नाही," झेडॉक म्हणाला. "आता त्यांनाच सांग आमच्या चुलीवर काहीतरी शिजवायला."

त्यानंतर दोघांत निरोपाचीही देवाणघेवाण नव्हती.

तराफ्यावर झेडॉक आणि केझियाबरोबर तिसरा होता सोझाप, सरोवराच्याच काठावर जन्मलेला, तिथल्या मूळच्या अबेनाकी जमातीचा. शीड त्याच्या हाती होते. झेडॉक सारखा हद्दीच्या बाजूला बघतो हे पाहून तो म्हणाला, "आमच्या पाण्यावर रेघ तुम्हीच मारली, आणि आता तुम्हीच तिला घाबरताय!"

सुरुवातीला दक्षिणेचा वारा छान लागला. दोन्ही काठांवर मेपलची लाल-पिवळी राने हळूहळू मागे सरकत होती, वर बदकांचे थवे ओरडत जात होते, आणि केझिया मांडीवर शाल ओढून पिंपांना टेकून बसली होती. मग पाऊस लागला. एका बुडालेल्या खडकाने तराफ्याचा कोपरा उसवला, तेव्हा झेडॉकने छातीभर गार पाण्यात उतरून ओंडके पुन्हा साखळीने आवळले. हाताची सालटी निघाली.

शेवटच्या सकाळी बेटांपलीकडे हद्दीचे झाडीभरले टोक दिसू लागले, आणि त्याच वेळी मागून वादळ आले!

लाटा पिंपांवरून जाऊ लागल्या. शीड टरारून फुगले. तराफा सुसाट निघाला. इतक्यात डाव्या बेटाआडून एक होडी बाहेर पडली. दोन शिपाई वल्ही मारत होते. "थांबा! तराफा काठाला घ्या!"

केझियाने आवाज ओळखला. ती उठून उभीच राहिली. "अहो, आपला असाहेल आहे!"

दुसऱ्याच लाटेने होडी उलथली! एक शिपाई होडीच्या पाठीला बिलगला आणि बेटाकडे वाहत गेला. असाहेलच्या हाती काहीच लागले नाही.

"शीड उतरवलं तर खडकावर आपटू," सोझाप ओरडला. "माल जाईल सगळा."

झेडॉकने एकदा हद्दीकडे पाहिले. तोवर केझियाने कुऱ्हाड उचलून शिडाचा दोर तोडलासुद्धा! झेडॉकने कमरेला दोर बांधला आणि उडी टाकली. लाट. पुन्हा लाट. कोटाची कॉलर हाताला लागली. त्याने ती सोडली नाही. सोझाप आणि केझियाने दोघांना ओढून घेतले, आणि तराफा बेटाच्या खडकांवर आदळला. पिंपे फुटली. उन्हाळाभराचा खार बघता बघता पाण्यात विरघळून गेला. ते पाणी झेडॉकच्या सोललेल्या हातांना निखाऱ्यासारखे झोंबत होते.

एका कड्याच्या आडोशाला सोझापने विस्तव पेटवला. केझियाने असाहेलचे डोके मांडीवर घेतले. त्याची छाती घरघरत होती.

"असल्या वाऱ्यात होडी काढतं का रे कोणी?" झेडॉकने विचारले.

"वहिनीची शाल लांबूनच ओळखली," असाहेल म्हणाला. "पुढच्या चौकीवर तराफा दिसला की गोळी घालायचा हुकूम आहे. म्हटलं, आपणच धरावं."

"आणि धरून नेलं असतंस मला?"

"नेलं असतं, दादा."

झेडॉकने मान हलवली आणि तो भावाचे पाय चोळत राहिला. जरा वेळाने असाहेलने पायांना काहीच कळत नसल्याचे वहिनीला सांगितले. दुपारच्या आत तो गेला.

दुसरा शिपाई किनाऱ्याने चालत, कुडकुडत तिथे आला. जप्त करायला काही उरलेच नव्हते. त्याने कोट काढून ठेवला आणि तो झेडॉकबरोबर खड्डा खणू लागला.

तो कायदा पुढच्या वर्षी सैल झाला आणि त्यानंतर उठलाच. गावोगावचे तराफे गाणी म्हणत उत्तरेला जाऊ लागले, मॉन्ट्रियलमध्ये खाराला कधी नव्हे तो भाव आला. झेडॉकनेही नवा तराफा बांधला. बेटाजवळ येताच सोझापने कोणी न सांगता शीड उतरवले, आणि तिघे नुसते वाहत गेले. हद्दीवरच्या कारकुनाने मानही वर न करता हात हलवला, जा.

कोणीतरी थांब म्हणेल, म्हणून झेडॉक वल्हे धरून बराच वेळ उभा राहिला. कोणी म्हणाले नाही.