पास झालेल्या मोटारीची तक्रार

मोटार नापास झाली म्हणून भांडणारी माणसं माणिकरावांनी ढीगभर पाहिली होती. पास झाली म्हणून भांडायला आलेला माणूस मात्र त्यांनी त्या रविवारी पहिल्यांदाच पाहिला.

माणिकराव तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर ते परभणीत पुतणीच्या कचेरीत बसत. पुतणी राजेश्री खाजगी तपासाची कामं करायची. लग्नाआधीच्या चौकश्या, हरवलेल्या म्हशी, असलंच जास्त. पण डोकं तिचं वस्तऱ्यासारखं. माणिकरावांचं डोकं जरा सावकाश चालायचं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

कचेरीच्या दाराशी एक जुनी पांढरी मोटार येऊन थांबली. मागून असा काळा धूर सुटला, की समोरच्या टपरीवाल्यानं पानांवर फडकं टाकलं. चालवणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी स्टिअरिंगशेजारच्या काळ्या गोल मुठीवर अडकवलेली कापडी पिशवी काढली, खांद्याला लावली आणि ते आत आले. मागून पदर सावरत त्यांच्या कारभारीण.

"जय भीम. मी सिद्धोधन खिल्लारे, ताडकळसचा, निवृत्त मुख्याध्यापक. ही आमची मंडळी, गीताबाई."

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली तशी माणिकरावांच्या कपातला चहा बशीत उतरला.

"आता तुम्हीच पाहिलात धूर," गुरुजी म्हणाले. "ही मोटार सोमवारी पीयूसीत नापास झाली. रास्तच होतं. शुक्रवारी शेवटचा प्रयत्न म्हणून पुन्हा नेली, तर त्याच केंद्रावर पास झाली. मधल्या काळात तिला कुणीही हात लावलेला नाही. आणि आज पुन्हा हा धूर. याचा अर्थ माझ्या खिशातलं प्रमाणपत्र खोटं आहे."

"मग बरंच झालं की!" माणिकराव म्हणाले. "तिकीट मिळालं, बसा गाडीत."

गुरुजींनी चष्म्यावरून असं पाहिलं, की माणिकरावांना साठीतही चौथीच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं.

"मंगळवारी मोटारीची नोंदणी संपते," गुरुजी सांगू लागले. "पंचवीस वर्षं झाली तिला. आता दर पाच वर्षांनी नूतनीकरण. उद्या अकराला आरटीओत तपासणी आहे. आमचा धम्मदीप म्हणतो, बाबा, भंगारात द्या. मी त्याला शब्द दिलाय. खऱ्या परीक्षेत पास झाली तर ठेवीन, नाही तर बुधवारी भंगार केंद्राची गाडी येईल." त्यांनी दारातून मोटारीकडं पाहिलं. "याच मोटारीतून दहावीची पोरं मी परीक्षेला नेली. चार-चारच्या खेपा मारून. पण खोट्या कागदावर मी तिला ठेवणार नाही."

त्यांनी एक घडी घातलेला अर्ज काढला. पीयूसी केंद्रावरच्या बबिताविरुद्धची तक्रार. बबिता त्यांचीच विद्यार्थिनी.

"गाडीत आणखी काही बदल?" राजेश्रीनं विचारलं.

"महिनाभर पेट्रोल जास्त पिते. नूतनीकरणाचे कागद जुळवायला घेतले तेव्हापासूनच. जणू तिला कळलंय."

"चला," राजेश्री उठली. "बबिताकडं जाऊ."

माणिकराव पुढं बसले. गुरुजींनी पिशवी सवयीनं मुठीला अडकवली आणि खड्डे मोजत, धूर सोडत मोटार पिंगळीच्या रस्त्याला लागली.

बबिताचं केंद्र म्हणजे रस्त्याकडेची टपरी, एक संगणक, एक यंत्र आणि सायलेन्सरमध्ये घालायची लांब नळी. शेजारी महारुद्र मिस्त्रीचं गॅरेज. तक्रारीचं कळताच बबिताचे डोळे भरून आले.

"सर, मी तुमच्याकडंच शिकले. गणित चुकलं की वहीवर लाल पेनानं लिहायचात, 'प्रश्न पुन्हा वाच'. मी खोटा कागद दीन का? सोमवारी आकडा आला पाच पॉइंट दोन. तीनच्या आत पाहिजे. शुक्रवारी आला एक पॉइंट चार. जे यंत्रानं दाखवलं तेच गेलं. फोटो बी हाय."

माणिकरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "पाटी बदलली! दुसऱ्या चांगल्या गाडीला हा नंबर लावून फोटो काढला."

"काका, पाटी बघा," राजेश्री म्हणाली. "नव्या नियमाची आहे. तिची कुलपं तोडल्याशिवाय निघत नाहीत आणि ही जशीच्या तशी आहेत."

उजेड विझला. पण माणिकराव हार मानणारे नव्हते. त्यांनी महारुद्रकडं बोट केलं. "मग यानं गुपचूप दुरुस्त केली."

"आन् आज परत गुपचूप बिघडवली?" महारुद्र हसला. "सोमवारी म्या फकस्त प्लग काढून बघितले. काळेभोर. पेट्रोल लय, हवा कमी. थंडीत चोक ओढून गाडी चालू केली की असाच धूर येतोय, पर ती गरम झाल्यावर थांबतोय. ही अर्धा तास पळून आली तरी तेच. म्हणलं, कार्बोरेटर गेला, दोन दिवस गाडी ठिवा. गुरुजी म्हणले, गाडी घराबाहेर मुक्काम करत न्हाई."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "रोज संध्याकाळी ती अंगणात असते. फाटकाला कुलूप, किल्ली माझ्याकडं."

माणिकरावांनी हात टेकले. संशयित संपले होते.

"मला कुणी इचारलंच न्हाई," मागच्या सीटवरून गीताबाई म्हणाल्या.

"तुला काय विचारायचं?" गुरुजी म्हणाले. "तुला गाडीतलं काय कळतंय?"

"विचारते मी," राजेश्री दाराशी वाकली. "आई, सोमवार ते शुक्रवारच्या मधे तुम्ही या गाडीत काही केलंत?"

"काय करायलाय? गुरुवारी लोणच्याचं तेल सांडलं ह्यांच्या पिशवीवर. गाडीतून आणली, कागद काढले, पिशवी धुतली. जाड कापड, शुक्रवारी बी वाळली न्हाई. मग समदा गठ्ठा मांडीवर घेऊन इथवर आले मी. पाय मुंग्यांनी भरले, पर कुणाला काय त्याचं!"

"गाडीतून पिशवी काढताना आणखी काही केलंत?"

"ती काळी मूठ बाहेर आलती. म्हणलं पडंल, म्हणून अंगठ्यानं आत दाबली."

राजेश्री हसली. मोठ्यानं, मनापासून.

"बबिता, नळी लाव. गुरुजी, इंजिन चालू करा. पिशवी आहे तिथंच राहू द्या."

यंत्रावर आकडे चढले. पाच पॉइंट एक. गुरुजींनी मान खाली घातली. पंचवीस वर्षांची सोबत आता बुधवारी जाणार, हे त्यांच्या खांद्यांवर दिसलं, आणि माणिकरावांना वाईट वाटलं.

"आता बघा." राजेश्रीनं खिडकीतून हात घातला, मुठीवरची पिशवी उचलून गीताबाईंच्या मांडीवर ठेवली आणि अंगठ्यानं मूठ आत दाबली. इंजिनाचा घरघराट थांबला, आवाज गुळगुळीत झाला. आकडे उतरू लागले. चार. अडीच. एक पॉइंट चार.

"आरं तिच्या! चोक!" महारुद्रनं कपाळावर हात मारला.

"ही काळी मूठ म्हणजे चोकच," राजेश्री म्हणाली. "बबितानं सांगितलेले दोन्ही आकडे खरे असतील, तर गाडीच दोन तऱ्हांनी वागत होती. मग मी एवढंच शोधलं, की सोमवारी होतं, शुक्रवारी नव्हतं आणि आज परत आहे, असं काय? माणूस तोच, रस्ता तोच, पेट्रोल तेच. फक्त पिशवी. कचेरीत ती टेबलावर ठेवली तेव्हा काकांचा चहा सांडला, तिथंच तिचं वजन कळलं. गुरुजी ती काळ्या मुठीला अडकवतात हे दारातूनच दिसलं होतं. महारुद्रनं सांगितलं, असा धूर चोक ओढल्यावर येतो. इतक्या वर्षांत मूठ सैल झालेली, त्यात ताडकळसचा रस्ता. प्रत्येक खड्ड्याला पिशवी चोक थोडा थोडा ओढत होती. गुरुवारी आईंनी तो आत दाबला आणि शुक्रवारी ओढायला पिशवीच नव्हती. तुमची गाडी दुरुस्त केली, गुरुजी, ती यांनी."

"एका अंगठ्यानं," गीताबाई म्हणाल्या आणि ताठ बसल्या.

"पण पिशवी मी पंचवीस वर्षं तिथंच अडकवतो," गुरुजी पुटपुटले.

"रिकामी. महिन्यापूर्वी तिच्यात काय भरलंत?"

गुरुजींनी पिशवीचं तोंड उघडलं. विम्याचे कागद, कराच्या पावत्या, आणि सुतळीनं बांधलेला, दोन लाकडी फळ्यांत दाबलेला जाड गठ्ठा. दर सहा महिन्यांची पीयूसी प्रमाणपत्रं. पहिल्यापासूनची. एकही चुकलेलं नाही.

"पन्नास," ते म्हणाले. "साहेबांना दाखवावं म्हटलं, की ही कधीच नापास झाली नाही."

"सर," बबिता हळूच म्हणाली, "आरटीओला चालू असलेलं एकच लागतंय."

गुरुजीच आधी हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागले. पन्नास वेळा पास झाल्याच्या ओझ्यानं त्यांनी स्वतःच मोटार नापास केली होती.

त्यांनी तक्रारीचा अर्ज उलगडला, खिशातला लाल पेन काढला आणि दोन्ही बबितापुढं धरले. "चूक झाली, बाळ. लिही."

"नको सर."

"लिही. मी कुणाला सोडलं होतं का?"

बबितानं अर्जावर आडवं लिहिलं, 'प्रश्न पुन्हा वाचा, सर.' गुरुजींनी तो कागद नीट घडी करून गठ्ठ्यात, सगळ्यात वर ठेवला.

परतताना पिशवी गीताबाईंच्या मांडीवर होती. मागं धुराचा मागमूस नव्हता. माणिकरावांनी खिडकीबाहेर डोकं काढून दोनदा खात्री केली आणि कंडक्टरच्या जुन्या सुरात ओरडले, "जाऊ द्याऽऽ!"

सोमवारी दुपारी गुरुजींचा फोन आला. पाच वर्षांचं नूतनीकरण मिळालं होतं, भंगारवाल्यांना नको म्हणून कळवलं होतं.

"आणि पन्नास प्रमाणपत्रं?" माणिकरावांनी विचारलं.

"घरी ठेवली. पण साहेबांनी विचारलं, एवढी जुनी मोटार इतकी नीट कशी? मी म्हटलं, आमच्या मिस्त्रीणबाई बाहेर गाडीत बसल्यात, त्यांना विचारा."

मागून गीताबाईंचा आवाज आला, "आन् त्यांनी येऊन इचारलं बरं का!"