पन्नास झोके, साठ झोके

वारा आहे, पवनचक्क्या आहेत, आईसुद्धा आहे. मग वीज का नाही? शर्वाणीला हे कोडं काही सुटेना.

तिची आई स्नेहल पवनचक्क्यांची इंजिनिअर. साताऱ्याच्या पठारावर यंत्रं उभारणाऱ्या तिच्या कंपनीला पहिल्यांदाच परदेशात काम मिळालं होतं, फिलिपिन्समधल्या एका छोट्या बेटावर. आई तीन महिन्यांसाठी गेली, त्याला आता सात महिने झाले होते. पाती बसवून झाली होती, पण बेटाच्या तारांत वीज सोडायला परवानगी नव्हती. रोज संध्याकाळी भिंतीच्या पडद्यावर आई दिसायची. शर्वाणीला आईच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास आठवायचा. तो मात्र पडद्यातून येत नसे.

त्या दिवशी आई म्हणाली, कंपनी दहा दिवसांची रजा देतेय. पण तेवढ्यात परवानगीसाठीच्या चाचणीची तारीख हुकेल, आणि पुढची मिळेल ती वादळांचे महिने सरल्यावर. "तू सांग, येऊ का?"

शर्वाणी पडद्यासमोरून उठून तडक आबांकडे गेली. आबा म्हणजे आईचे वडील. त्यांचं सारं आयुष्य वीज उपकेंद्रात गेलं होतं. तिनं रागानंच विचारलं, "इथं चालणारी यंत्रं तिथं का चालत नाहीत?"

आबांनी उड्या मारायची दोरी फाटकाला बांधली आणि दुसरं टोक धरून फिरवायला लागले. तिला म्हणाले, आत ये. पहिल्यांदा ती अडकली. मग ताल हेरून शिरली आणि छान उड्या मारू लागली. तेवढ्यात आबांनी वेग वाढवला. दोरी फटकन पायात आली.

मग त्यांनी समजावलं. आपल्या घरातली वीज तारेतून पुढेमागे झोके घेते. आपल्याकडे सेकंदाला पन्नास झोके, तिथं साठ. याला वारंवारता (एका सेकंदातल्या झोक्यांची संख्या) म्हणतात. त्यासाठी परिवर्तक (विजेचा ताल बदलून देणारं यंत्र) नव्यानं जुळवावा लागतो.

"मग त्यांनीच पन्नास करावेत की."

"अख्ख्या बेटाचे पंखे, पंप त्याच तालावर फिरतायत. पाहुण्यानं घरच्यांचा ताल धरायचा, बाळा."

ग्रिडमध्ये (सगळी घरं आणि वीजकेंद्रं जोडणारं तारांचं जाळं) एखादं मोठं यंत्र बेताल शिरलं, तर सगळीकडे अंधार होऊ शकतो. शिवाय वादळात ग्रिड क्षणभर डगमगली, तरी पवनचक्क्यांनी लगेच ग्रिडचा हात सोडायचा नसतो. हे जमतं का, ते तपासल्याशिवाय कोणी परवानगी कशी देईल?

शर्वाणीनं फाटकाला बांधलेली दोरी सोडून गुंडाळली. कोडं सुटलं होतं, पण आई काही जवळ आली नव्हती.

तिनं आईला फोन लावला. "चाचणी करूनच ये," एवढंच ती म्हणाली. पलीकडून आईनं नाक ओढल्याचा आवाज आला.

पाच आठवड्यांनी, चाचणी पार पडल्यावर, पडद्यावर बेटावरचा दवाखाना दिसला. लशींचं कपाट पहिल्यांदाच वाऱ्याच्या विजेवर गार होत होतं. दारात माणसं जमली होती. आईनं सांगितलं, उरलेलं काम उरकायला एकोणीस दिवस लागतील, मग घरी.

शर्वाणीनं विचारलं, तिथला वारा कसा वाजतो?

आई फोन घेऊन बाहेर आली आणि तो वाऱ्यात धरून उभी राहिली. शर्वाणीनं डोळे मिटले. समुद्राची गाज ऐकू आली, आणि तिच्यावरून जाणारा फिरत्या पात्यांचा संथ, भरलेला आवाज.

"अजून थोडा वेळ ऐकू दे," ती हळूच म्हणाली.