वाकडं बोट

कृषी केंद्रात फळमाशीचा सापळा एकच उरला होता आणि त्यावर दोन हात एकदमच पडले. एक माझा. दुसरा रापलेला, नखांत काळी माती असलेला.

"किती एकर हाय तुमचं?" त्यानं विचारलं.

"एक वेल. घरामागं… कोहळ्याचा."

तो हसला नाही. बाकी सगळे हसायचे. "फळं सडून राहिले?"

"सगळे सडले. एकच कळी उरली आता, बुडाशी सुपारीएवढं कोहळं घेऊन. उद्या उमलंन." मुठीएवढी फळं पिवळी पडायची, कापली की आत अळ्या. फार जीव लावला होता मी त्या वेलाला.

त्यानं सापळा माझ्याकडे सरकवला. "याच्यात मादीचा वास राहते. नर येते अन् फसते."

"बिचारा!"

"बिचारा काहून? खुशीनंच येते तो…"

जीवन त्याचं नाव. अंजनगावकडचा, घरची भाजीची वाडी. रोज पहाटे माल घेऊन आमच्या अमरावतीच्या बाजारात यायचा. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो दारात उभा! घर कुठं ते कालच विचारून घेतलं होतं त्यानं. म्हणे, सापळा नीट बांधला का, पाहाले आलो. आईनं माझ्याकडे एकवार बघितलं आणि चहा टाकला.

मागं गेलो आणि मी बघतच राहिले. कळी उमलली होती. ओंजळभर पिवळं फूल, पाकळ्यांवर दव… एवढं रूप रोज आपल्या घरामागं उमलतं आणि आपण झोपलेलो असतो?

जीवननं वेलावरचं एक नरफूल तोडलं आणि त्यातला पराग या फुलाला अलगद लावला. "मधमाशा कमी झाल्या. मंग आपल्यालेच…" त्याचे कान लाल झाले.

"अगं बाई, माशी! ते पाहा, कोहळ्यावर—"

माझं बोट त्यानं हवेतच धरलं. "कोवळ्या कोहळ्याले बोट नोको दाखवू! सडते ते." मग हळूच माझं बोट मुडपलं. "दाखवाचंच असंन तं असं, वाकडं करून. पिकलं का खुशाल सरळ दाखवा."

बोट सोडायचं मात्र तो विसरला. मीही आठवण केली नाही.

चार दिवसांनी त्यानं फळाला कागदाची पिशवी बांधली. मग 'पिशवी पाहाले' येऊ लागला. कोहळं फुगत गेलं, तशी मला धाकधूक. ते पिकलं की याचं येणं संपणार! वाचव रे देवा, म्हणायचे मी… पण सावकाश पिकव.

शेवटी पिकलंच. आई खुशीत म्हणाली, "आज कोहळ्याचे गोड बोंडं तळतो. जीवन, तेल्हाऱ्याले पोरगी पाहाले जाऊन राहिला म्हणे तू?"

विळीवरचा माझा हात थांबला.

"नाही जात, काकू. पोरगी पाहून झाली माही."

"कोन्ती रे?"

त्यानं नुसता हात उचलला आणि माझ्याकडे बोट दाखवलं… मुडपलेलं, वाकडं बोट.

आई बघतच राहिली. माझे डोळे भरून आले. इतकं जपतो हा मला?

मी पुढं झाले, आईसमोरच त्याचं बोट धरलं आणि हलकेच सरळ केलं.

"दाखवा आता खुशाल," मी म्हटलं. "पिकलं."