चोविसावा कागद

"घाबरू नकोस हं. हे अक्षर कोणतं?" कागदांवरून मान वर न करताच तिनं विचारलं.

"हा 'क'. पुढचं नाही येत, बाई," समोरून भरदार पुरुषी आवाज आला.

ती दचकली. लहान मुलाच्या खुर्चीत, गुडघे हनुवटीपाशी घेऊन एक उंच माणूस बसला होता. चेहरा अगदी गंभीर… डोळे मात्र हसत होते.

तो या वर्गाचा मास्तर. मुलांना वाचायला शिकवणाऱ्या एका लहानशा संस्थेचा हा वर्ग. आपल्या शिकवण्यानं मुलं खरंच वाचू लागतात का, हे पुराव्यानिशी कळावं म्हणून संस्थेनं, असं वाचन तपासून देणाऱ्या तिच्या कार्यालयाची मदत मागितली होती. वर्षातून तीनदा ती येणार, एकेका मुलाला वाचायला लावून एकेक कागद भरणार. मुलांनी तासाभरात तिला टोपणनावही दिलं होतं — मोजपट्टी.

"मास्तर, बाहेर बसा. शिकवणाऱ्यानं खोलीत थांबायचं नाही."

"मी पोरांना खुणा करीन म्हणून?"

"तुमचे डोळे फार बोलतात म्हणून," ती बोलून गेली, आणि मग उगाच कागद सारखे करत बसली.

यादीत तेवीस मुलं होती. दुपारी तिनं कागद मोजले. चोवीस! पुन्हा मोजले. चोवीसच. शेवटच्या कागदावर लिहिलं होतं : मुलगी, वय सात, अक्षरं ओळखते, शब्द येत नाहीत. हस्ताक्षर तिचंच होतं. पण ती मुलगी काही केल्या तिला आठवेना. खोलीभर ऊन होतं, तरी कोपऱ्यातल्या एका रिकाम्या खुर्चीपाशी गार वाटत होतं.

दमल्यामुळे चूक झाली असेल, असं म्हणून तिनं तो कागद बाजूला ठेवला.

चार महिन्यांनी पुन्हा तेच झालं. मुलं तेवीस, कागद चोवीस. चोविसावी आता शब्द वाचत होती.

ती तरातरा बाहेरच्या बाकावर बसलेल्या मास्तरपाशी गेली. "हा कागद तुम्ही घुसडलात?"

"हस्ताक्षर कुणाचं आहे?"

"माझं. तेच तर… मास्तर, एक कागद खोटा निघाला तर सगळ्या वर्गाचे बाद होतात. वर्ग बंद पडेल तुमचा."

मास्तरचं हसू मावळलं. "एका शिंप्यानं पहिल्याच दिवशी मुलीचं नाव घातलं होतं," तो हळूच म्हणाला. "आठ दिवसांत पोर तापानं गेली. मी नाव खोडायला निघालो, तर बाप म्हणाला, राहू द्या मास्तर. म्हणून ते नाव तुमच्या यादीत नाही, पण माझ्या हजेरीच्या वहीत अजून आहे. तिच्या खुर्चीवर मी रोज पुस्तक ठेवतो. एवढंच करतो मी. बाकी… मलाही भीती वाटते."

तिला विश्वास ठेवायचा होता. पण नुसत्या इच्छेला पुरावा म्हणत नाहीत.

तिसऱ्या वेळी तिनं तेवीस कागद मोजून पाकिटात बंद केले. टेबलावर एक कोरा ठेवला. खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं आणि ती बाहेर बाकावर मास्तरशेजारी बसली.

"हात द्या इकडे. दोन्ही."

"कशाला?"

"ते कुठे होते, हे मला शपथेवर सांगता यायला हवं."

"मग घट्ट धरा," मास्तर म्हणाला. त्याच्या तळव्यांना खडूची भुकटी लागलेली होती.

आत खुर्ची सरकली…

मग एक बारीक आवाज गोष्ट वाचू लागला. अडखळत, पण नीट. एका शब्दापाशी तो थांबला. सवयीनं मास्तर तो शब्द पुटपुटला. आवाजानं तो उचलला आणि पुढे गेला. तिची बोटं बर्फासारखी झाली, पण तिनं हात सोडले नाहीत.

दार उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं. कागद भरलेला होता : गोष्ट वाचते. एका ठिकाणी मदत लागली.

"हे अहवालात लिहू नका. लोक हसतील तुम्हाला," मास्तर म्हणाला.

"हसू देत. लपवलं तर आळ तुमच्यावर येईल."

तिनं सगळं लिहिलं. चोविसावा कागद मोजला नाही, हेही लिहिलं. संस्थेच्या प्रमुख बाईंनी दोनदा वाचलं आणि दुसरा तपासनीस पाठवून तेवीस मुलांचं वाचन पुन्हा तपासून घेतलं. सगळं जुळलं. वर्ग वाचला.

आठवड्यानं ती वर्गात आली. मुलं घरी गेली होती. तिनं एक फॉर्म मास्तरपुढे धरला.

"वर्गातल्या कुणाशी तपासणाऱ्याचं नातं आहे का, असं यात विचारतात. आजवर 'नाही' लिहीत आले. आता लिहवत नाही. पुढच्या वर्षी इथं दुसरं कुणी येईल."

मास्तरनं फॉर्म पाहिला. तिथं 'होय' लिहिलं होतं. पुढची जागा रिकामी होती.

"मग… मी कोण लागतो तुमचा?"

"तेच विचारायला आले. जागा थोडी आहे. एका शब्दात लिहा."

त्यानं पेन घेतलं. लिहून झाल्यावर फॉर्म तिच्याकडे सरकवून तो दुसरीकडेच बघत राहिला. तिनं वाचलं.

तेवढ्यात तिच्या खांद्यापाशी गारवा आला आणि एक बारीक आवाज बोट ठेवून वाचावं तसं वाचू लागला —

"न… व… रा."

ती शहारली… आणि मग हसू लागली.

"ऐकलंत ना? आता खोडायचं नाही."