ऐकणारं आधी बसतं

महेंद्र वाचनालयात आला तो पुस्तकासाठी नव्हे, मोबाईल चार्ज करायला. माळनाक्यावरच्या त्याच्या खोलीत वीज नव्हती आणि इथं इन्व्हर्टर होता. आत शमिका, तिथली क्लार्क, देणगीत आलेले दोन जुने कॉम्प्युटर केबलनं जोडून बसली होती. मोबाईलवरचा व्हिडिओ बघत पिंगची कमांड पुन्हा पुन्हा देत होती. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची, एवढंच. पण दुसरा ढिम्म.

"फायरवॉल अडवतेय," तो मागून म्हणाला. "माणूस घरात आहे, पण दाराला कडी आहे."

"मग काढा की कडी. वास्तुशांतीला आल्यासारखे नुसते बघताय काय?"

त्यानं काढली. पलीकडून ओ आली, आणि शमिका अशी हसली की तो चार्जर तिथंच विसरला.

दुसऱ्या दिवशी तो चार्जर न्यायला आला, तो येतच राहिला. त्यानं तिला नेटकॅट नावाची कमांड शिकवली. एका कॉम्प्युटरनं ऐकत बसायचं, दुसऱ्यानं जोडून घ्यायचं. मग इकडे लिहिलेलं तिकडे उमटतं. मात्र ऐकणारं आधी बसलेलं हवं, नाहीतर जोडणी जागच्या जागी नाकारली जाते. रोज ती ऐकत बसायची, तो जोडायचा. मधे पुस्तकांचं कपाट. कमांडच्या चुकांवरून बोलणं बांगड्याच्या तिखल्यावर आलं, 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंही नाही.

"काय गो, हाकेच्या अंतरावर बसून टपाल कसलं धाडता?" ग्रंथपाल सुनंदाबाई विचारायच्या.

मग महेंद्रला मुंबईच्या नोकरीचं बोलावणं आलं. संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. इथं राहायला आपल्याला काही कारण हवं, एवढंच तो म्हणाला आणि कपाटापलीकडे जाऊन बसला.

शमिका नेहमीसारखी ऐकत बसली. कर्सर लुकलुकत राहिला... केबल सुटली की काय? तिनं पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीतून पिंग केलं. लगेच ओ आली. तार शाबूत होती. तोच जोडत नव्हता.

म्हणजे — तोही ऐकतच बसला असेल?

नसेल तर जोडणी नाकारली जाईल. अशा वेळी पडदा कसा कोरडेपणानं सांगतो, ते तिला ठाऊक होतं. तिनं आपलं ऐकणं बंद केलं, आयुष्यात पहिल्यांदा जोडणीची कमांड लिहिली आणि डोळे मिटून एंटर दाबलं.

नकार आला नाही. तो केव्हाचा ऐकत होता.

तिनं लिहिलं, "जाऊ नको. हे कारण पुरेल?"

पडद्यावर काहीच उमटलं नाही. कपाटापलीकडे खुर्ची सरकली, चपला वाजल्या, आणि तो समोर येऊन उभा राहिला — कानापर्यंत लाल.

"लिहायचं ना तिकडूनच," ती पडद्याकडे बघतच म्हणाली.

"हे उत्तर तारेतनं पाठवण्यासारखं नाही," तो म्हणाला, आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला.